मरियाबाईंचा मासा

नगरच्या मिशन कंपाउंडात राहणाऱ्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर त्याने काय करावे? पहाटे उठावे, पुण्याच्या मोटारीत बसावे आणि जावे. कृपादान मास्तरांनी एवढे एक सोडून बाकी सगळे केले.

बेत तसा साधाच होता. मास्तरांच्या आईला, मरियाबाईंना, मासा पाहायचा होता. बाजारात पाटीत येतो तो मासा नव्हे. बायबलातल्या योनाला गिळून पोटात ठेवणारा आणि मग किनाऱ्यावर ओकून टाकणारा तो मासा. मरियाबाईंनी ह्या एका माशावर उभा जन्म काढला होता. मिशनच्या बायबलबाई म्हणून त्या पाथर्डी-शेवगावकडच्या गावांतून बैलगाडीने हिंडत, लिंबाच्या फांदीला चित्रांची गुंडाळी टांगत आणि गोष्ट सांगत. मुलूख असा की हंडाभर पाण्यासाठी बायकांनी ओढ्यात झरे उकरावेत. तिथे चोहीकडे पाणीच पाणी अशी गोष्ट ऐकायला लोक आवडीने बसत. पण योना माशाच्या पोटात गेला रे गेला, की एखादा आसाराम नाहीतर सूर्यभान विडी विझवून विचारायचाच, "बाई, ह्यो मासा तुमी सोता पायलाय का?"

मरियाबाई म्हणत, "न्हाई."

"मंग समुद्र तरी?"

"त्यो बी न्हाई."

लोक हसत, धोतर झटकत उठत आणि योना तसाच पोटात राही. दुसरी कोणी बाई असती तर एखाद्या गावी 'व्हय' म्हणून मोकळी झाली असती. पाथर्डीला कोण पडताळा पाहायला येतो? पण मरियाबाईंना खोटे बोलता येत नसे. घरात ह्याचा त्रासच फार. लढाईमुळे साखर रेशनवर होती आणि शेजारीण वाटी घेऊन आली की मास्तरांची बायको रेबेका अगदी दुःखी चेहरा करून "संपली हो" म्हणे. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज येई की फडताळातल्या निळ्या डब्यात हाय बघ.

त्रेचाळीस सालच्या दसऱ्याला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मरियाबाईंचे डोळे तपासले आणि मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले की हा काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावाही हळूहळू जाईल, आणि ह्याला इलाज नाही. काय दाखवायचे असेल ते उन्हाळ्याच्या आत दाखवून घ्या. बाजूला घेऊन सांगितलेले मरियाबाईंना नेहमीप्रमाणे नीट ऐकू आले. टांग्यातून घरी येताना त्या म्हणाल्या, "किरपा, मला येकदा त्यो मासा दाव. मंग कुनी इचारलं तर व्हय म्हनाया येईल."

मास्तर आईकडे वळले. "दाखवतो आई," ते म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीतच जाऊ." आणि त्या घटकेला त्यांच्या मनात तसूभरही खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे.

रेबेका व्यवहारी बाई. तिने त्याच संध्याकाळी सांगितले की सुट्टी लागेल त्या शनिवारी निघा, मी दशम्या करून देते. तसे झाले असते तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पण कंपाउंडाचा एक रिवाज होता. पुण्यापलीकडे कोणी निघाले की आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी निरोपाची प्रार्थना व्हायची. एक गीत, एक प्रार्थना, एकेक कप चहा आणि जा बाबा. एका तासाचे काम. मात्र मरियाबाई म्हणजे साऱ्या कंपाउंडाची बाई. कोणाचे बाळंतपण, कोणाचा टायफॉइड, कोणाचा फौजेत गेलेला मुलगा, सगळ्यांच्या घरी रात्र-रात्र बसून त्यांनी प्रार्थना केलेली. तेव्हा त्यांच्या निरोपाची प्रार्थना आमच्याच घरी झाली पाहिजे, असे आधी दानीएलराव म्हणाले. मग प्रभुदासांच्या घरून निरोप आला की दानीएलरावांकडे होत असेल तर आम्ही काय पाप केले. नर्स फिलोमिना कॅथॉलिक, तिचा ह्या मंडळीशी संबंध नाही, पण तिनेही विचारले. कोणाला दुखवायचे? मास्तरांनी फार विचार करून तोडगा काढला की सगळ्यांकडे करू. हा तोडगा त्यांना इतका आवडला की तो त्यांनी रेबेकाला दोनदा समजावून सांगितला.

दिवाळीची सुट्टी तीन घरांत संपली. मरियाबाई म्हणाल्या की नाताळाच्या सुट्टीत जाऊ, समुद्र कुठं पळून जातोय.

आता इथे एक नाजूक गोष्ट आली. पहिल्याच घरी मिशनच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी मास्तरांना विनंती केली की समुद्रातल्या जीवांबद्दल दोन शब्द सांगा. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता, पण भूगोलाच्या शिक्षकाला ती अडचण कधीच आडवी येत नाही. त्यांनी शाळेच्या कपाटातून पक्ष्यांचे आणि जलचरांचे एक इंग्रजी पुस्तक काढले आणि दोन शब्दांचे पाऊण तास झाले. किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव पक्षी थव्याने कसे येतात, समुद्रगरुड पाण्यावरून मासा कसा उचलतो, देवमासा आणि त्याचा धाकटा भाऊ डॉल्फिन श्वास घ्यायला वर कसे येतात, हे सगळे त्यांनी हातवारे करून सांगितले. लोक तोंड उघडे टाकून ऐकत राहिले. वीस वर्षे शाळेत शिकवूनही मास्तरांनी असा श्रोता पाहिला नव्हता. दुसऱ्या घरी त्यांनी रंगीत खडूने काढलेला तक्ता नेला. तिसऱ्या घरी लोक त्यांना 'समुद्रमास्तर' म्हणू लागले आणि मास्तरांनी ते ऐकले नाही असे दाखवले.

चौथ्या घरी त्यांनी सांगितले की देवमासा पिलाला दूध पाजतो. शेजारच्या आळीतली रंगुबाई गवळण रतीब घालायला आली होती, ती दारातच बसली. दूध किती देतो, असे तिने विचारले. मास्तर म्हणाले, बादल्याच्या बादल्या. मग पेंड काय घालतात, असा तिचा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर पुस्तकात नव्हते. पण खरा घोटाळा पुढेच झाला. दूध पाजणारा प्राणी म्हणजे मासा नव्हे, असे मास्तर शास्त्राच्या भरात बोलून गेले. पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. पवित्र शास्त्रात स्पष्ट मासा म्हटले आहे, तर मास्तर कोणते शास्त्र सांगतात? मास्तर म्हणाले, जीवशास्त्र. झाले. दोन आठवडे मंडळीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, मासा. दुसऱ्याचे म्हणणे, मासा नव्हे, पण योनाला अंधारात कसे कळणार? दानीएलराव पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आलेले, म्हणजे समुद्र ओलांडलेले कंपाउंडातले एकमेव गृहस्थ. त्यांची साक्ष काढली. पण जाता-येता दोन्ही वेळा ते बोटीच्या तळाशी डोक्यावर घोंगडी घेऊन ओकत होते, त्यामुळे समुद्राबद्दल त्यांना सांगता आले ते एवढेच की कांदा जवळ ठेवा. शेवटी पंच कमिटी बसली आणि प्रवास आटोपेपर्यंत त्याला मासाच समजावे असा ठराव झाला. तोवर नाताळ आला, आणि नाताळात कंपाउंड सोडून कोण जातो?

मरियाबाई ह्या सगळ्या सभांना भिंतीला टेकून बसत. एकदा त्यांनी घरी येताना मास्तरांना विचारले, "किरपा, आपन जायाचं हाय ना?" मास्तर म्हणाले, जायचेच आहे आई, पण तयारीने. रेबेकाने मात्र त्याच रात्री बजावले, "अहो, आईंनी आज चहा बशीच्या बाहेर ओतला. कोंबड्या मोजताना हाताने चाचपत होत्या." मास्तर म्हणाले की कंदिलाची काच काळी झाली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच स्वतः राख लावून घासली आणि तक्ता घेऊन पुढच्या घरी गेले.

तयारीत आता दुर्बीण आली. पुस्तकात लिहिले होते की दुर्बिणीवाचून समुद्रपक्षी पाहणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. भिंगारचे पेन्शनर सुभेदार काकासाहेब ह्यांच्याकडे एक चांगली लष्करी दुर्बीण होती आणि त्यांनी ती हसत दिली. कोणीही ती पिशवीत घालून नेली असती. मास्तर मात्र नियमाने चालणारे. लढाईचे दिवस, समुद्रकिनारा आणि दुर्बीण, तेव्हा परवानगी काढलेली बरी, असे म्हणून त्यांनी एका सरकारी कचेरीत अर्ज केला. असा अर्ज त्या कचेरीत पूर्वी कधीच आला नव्हता, त्यामुळे तो कोणत्या टेबलाचा हे ठरायलाच जानेवारी गेला. कारणाच्या जागी 'समुद्री प्राणी व पक्षी पाहणे' असे लिहिलेले वाचून एका कारकुनाने त्यांना शांतपणे विचारले की जर्मनांशी तुमचा काही संबंध आहे का. पुढे एक साध्या वेशातला गृहस्थ चौकशीला कंपाउंडात आला. तो नेमका प्रार्थनेच्या दिवशी आला, म्हणून लोकांनी त्याला पाट दिला, चहा दिला, मास्तरांचे व्याख्यान ऐकवले. जाताना तो म्हणाला की ह्या माणसापासून सरकारला धोका दिसत नाही. मास्तरांना हे थोडे लागले. परवाना मार्चमध्ये हाती पडला. मग शाळेचे इन्स्पेक्शन, मग परीक्षा, आणि शेवटच्या घरची प्रार्थना होऊन ते निघाले तेव्हा मे महिना लागला होता. कुरव कधीच उत्तरेला उडून गेले होते. हेही पुस्तकातच लिहिलेले होते, पण ते पान मास्तरांनी मोटारीत वाचले.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. घाटात ती चार ठिकाणी थांबली आणि चारही ठिकाणी उतारूंनी उतरून ढकलली. मरियाबाई आत बसून गीत म्हणत होत्या आणि मास्तर मागून त्याच चालीवर ढकलत होते. दापोलीहून पुढे बैलगाडी आणि मग ते गाव. नारळीची रांग, खाली वाळू, डाव्या हाताला समुद्रात शिरलेला काळा खडक, आणि पुढे जिकडे पाहावे तिकडे निळे पाणी. मास्तर गाडीतून उतरले आणि त्यांना एक अक्षर बोलता येईना. पाऊण-पाऊण तासांची ती सगळी व्याख्याने आठवून त्यांना शरम वाटली. मरियाबाईंनी हात धरून पाण्यापर्यंत न्यायला सांगितले. लाट पायावरून गेली तशा त्या दचकून हसल्या, ओंजळ भरली, चाखली आणि म्हणाल्या, "खरंच खारट हाय की रं." लहान पोरीसारख्या त्या तिथे उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटले, चला, उशीर झाला, पण निभावले.

उतरायला शाळेची खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे खडकावर जाऊन बसले. मास्तरांनी पुस्तक उघडले आणि दुर्बीण लावली. पहिला पक्षी दिसला त्याची त्यांनी पिसे, चोच, शेपूट सगळे टिपून घेतले. ती घार निघाली, नगरच्या मटण मार्केटावर फिरते तसलीच. दुसरा कावळा होता. सूर्य वर आल्यावर मात्र एक पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड खरोखर आला, पाण्याला पाय लावून मासा घेऊन गेला. मास्तर आनंदाने उठून उभे राहिले, आणि मागे पाहतात तो गावचे पोलीसपाटील येऊन उभे होते.

मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन महिनाही झाला नव्हता. किनाऱ्यावरच्या गावांना डोळ्यांत तेल घालून राहायचे हुकूम आले होते आणि इथे एक परका गृहस्थ खडकावर उभा राहून दुर्बिणीतून बोटींच्या वाटेकडे पाहत होता. मास्तर हसले. ह्याच घटकेसाठी तर तीन महिने खर्ची घातले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून परवाना काढून ऐटीत पाटलांच्या हाती दिला. पाटलांनी तो सावकाश मोठ्याने वाचला. अर्जदारास अहमदनगर जिल्ह्याच्या हद्दीत दुर्बिणीतून समुद्र व तत्संबंधी प्राणी पाहण्यास हरकत नाही. पाटलांनी तो पुन्हा वाचला. मग त्यांनी अगदी अदबीने विचारले की मास्तर, नगर जिल्ह्यात समुद्र कोणत्या तालुक्यात येतो?

हा कागद देवळात उभे राहून वाचून दाखवला होता. त्याबद्दल आभाराची प्रार्थना झाली होती. सगळे कंपाउंड शिक्क्याकडे पाहत राहिले आणि मजकुराकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, मास्तरांचेही नाही. दुर्बीण पाटलांच्या घरी जमा झाली आणि दापोलीला विचारणा गेली.

पुढचे दिवस मास्तरांनी नुसत्या डोळ्यांनी डॉल्फिनांची वाट पाहत काढले. मासे विकणारी मुक्ताबाई जाता-येता विचारी की आले का तुमचे पाव्हणे. ती सांगे की आमच्या बोटीला ते रोज सोबत करतात, पण बोलावून येत नाहीत. वारा वाढत चालला होता, समुद्र उसळत होता, आणि आणखी थोड्या दिवसांनी होड्या वर ओढून ठेवणार होते. मरियाबाई तक्रार करत नव्हत्या. त्या खडकावर पदर घट्ट लपेटून, तोंड समुद्राकडे करून बसत आणि मास्तर शेजारी बसून काय दिसते ते सांगत. आईच्या डोळ्यांबद्दल विचारायचे त्यांनी टाळले. विचारले तर उत्तर खरे मिळणार, हे त्यांना ठाऊक होते.

परतायच्या दिवशी सकाळी पोलीसपाटील स्वतः दुर्बीण घेऊन खडकावर आले. वरून काही हरकत आली नव्हती. म्हातारीला काय दाखवायचे ते दाखवा, मी इथेच बसतो, असे ते म्हणाले आणि खरेच बसले. आणि गाडीवान खालून हाका मारू लागला असताना ते पाव्हणे आले. पाण्यातून एक काळी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सुटला आणि पाठ बुडाली. मग दुसरी, मग दोन एकदम, आणि एक तर अख्खा पाण्याबाहेर उसळून आडवा पडला. मास्तरांनी आईच्या हातात दुर्बीण कोंबली, तिची हनुवटी धरून तोंड वळवले.

"आई, समोर बघ. दिसला?"

मरियाबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसला का गं?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "दिसला."

"केवढा आहे?"

"लई मोठा हाय रं."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी आईकडे पाहिले आणि तेव्हा त्यांना दिसले की दुर्बिणीच्या दोन्ही भिंगांवर चामड्याच्या टोप्या तशाच होत्या. वाळू जाऊ नये म्हणून पाटलांनी त्या घट्ट बसवून आणल्या होत्या. पाटलांनीही ते पाहिले आणि घसा खाकरून तोंड दुसरीकडे फिरवले. डॉल्फिन एव्हाना खडकाला वळसा घालून उजवीकडे लांब गेले होते. मरियाबाई समोरच्या रिकाम्या पाण्याकडे दुर्बीण धरून म्हणत होत्या, "अजून हाय. तितंच हाय." मास्तरांनी टोप्या काढायला हात पुढे केला आणि तो मागे घेतला. काढून तरी काय दाखवायचे होते? दिवाळीत ह्याच आईने डाव्या डोळ्याने सुईत दोरा ओवला होता. तेव्हा कुरव होते, समुद्र शांत होता आणि शनिवारची मोटारही होती. आणि तेव्हा आपण तक्ता रंगवत होतो, हे मास्तरांना त्या खडकावर कळले. जन्मात खोटे न बोललेल्या बाईला आपण खोटे बोलायला लावले, हेही कळले, आणि त्यांना भडभडून आले.

परतताना पुण्याहून नगरच्या मोटारीत मरियाबाईंच्या शेजारी सुप्याला उतरणारी एक बाई बसली होती. मास्तर मागच्या बाकावर डोळे मिटून होते. त्या बाईने गप्पा काढल्या, कुठनं आल्या म्हणून विचारले. समुद्रावरनं, असे ऐकल्यावर ती सरसावून बसली.

"लई मोठा मासा असतोय म्हनं तितं. पायला का तुमी?"

मरियाबाईंनी मान मागे वळवून क्षणभर कानोसा घेतला.

"न्हाई बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोनी डोळं गेल्यात माझं. समुद्र हाताला लागला, मासा काय दिसला न्हाई."

"आन येवढ्या लांब गेल्तात मंग?"

"लेकाची लई हौस हुती. दसऱ्यापास्नं खपलाय बिचारा. त्याला म्हनलं दिसला म्हनून. झोपलाय तवर सांगितलं तुमाला, त्याच्याम्होरं बोलू नका."

बाई बरं म्हणाली आणि पानाचा डबा उघडू लागली. मास्तर झोपलेले नव्हते. घोडनदी आली, लोक चहाला उतरले, पुन्हा चढले, मोटार सुटली, तरी ते डोळे मिटूनच बसून राहिले.